सात हात रस्ता

आमच्याकडे लग्नाचा हॉल बघायला गेलं की आता जेवणाच्या आधी पार्किंगचं विचारतात. फ्लॅट बघताना तेच, दवाखाना निवडताना तेच. उर्दूतही हा शब्द पार्किंगच झाला आणि मराठीतही पार्किंगच राहिला. मी वर्गात 'वाहनतळ' म्हटलं की मुलं हसतात. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांत दोन माणसं भेटली की पाचव्या मिनिटाला बोलणं ट्रॅफिकवर येतं आणि दहाव्या मिनिटाला कुणाला तरी दोष देऊन संपतं. कधी रिक्षावाल्याला, कधी फेरीवाल्याला, कधी 'बाहेरून आलेल्या लोकांना'. गाडी कुठे लावायची, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. दुकानात आलेला माल कुठे उतरवायचा, हा प्रश्न मात्र फारसा कुणाच्या तोंडी नसतो. आजचं लिखाण त्या दुसऱ्या प्रश्नावर आहे, कारण माझ्या घरातलं एक माणूस रोज त्याच प्रश्नावर पोट भरतं.

माझा धाकटा भाऊ टेम्पो चालवतो. छोटा हत्ती. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून कपाटं, पलंग, सोफे भरायचे आणि बदलापूरच्या नव्या इमारतींत पोचवायचे, हा त्याचा पंधरा वर्षांचा धंदा. मधल्या अंबरनाथला आम्ही राहतो. म्हणजे त्याचा दिवस कल्याण-बदलापूर रस्त्यावरच उगवतो आणि मावळतो. बाजारात दुकानासमोर गिऱ्हाइकांच्या गाड्या लागलेल्या असतात, त्यामुळे तो दुसऱ्या रांगेत उभा राहतो. मागून हॉर्न सुरू होतात. बदलापूरला पोचल्यावर चित्र वेगळं दिसतं. छान कमान, खाली खांबांवर पार्किंग, प्रत्येक जागेवर पिवळ्या रंगात फ्लॅटचा नंबर. पण वॉचमन म्हणतो, टेम्पो आत घ्यायचा नाही, सोसायटीचा नियम आहे. मग गाडी रस्त्यावर, कपाट हमालांच्या खांद्यावर आणि वीस-पंचवीस मिनिटं सगळ्यांच्या शिव्या. तेवढ्यात मोबाईल वाजतो. ई-चलन, ५०० रुपये. दुकानदार म्हणतो ते तुझं तू बघ. गिऱ्हाईक म्हणतं डिलिव्हरी फ्री ठरली होती. भाऊ घरी येऊन मला म्हणतो, "आपा, तू शिकलेली आहेस. नियमात कुठं लिहिलंय ते बघून सांग, मी गाडी हवेत उभी करू का?"

म्हणून मी नियम वाचायला घेतला. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही खास क्षेत्रं सोडली तर राज्यातल्या शहरांना एकच बांधकाम नियमावली लागू आहे. तिला यूडीसीपीआर म्हणतात. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ नगरपरिषद आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद, तिघींनाही तीच. एमआयडीसीच्या हद्दीत मात्र एमआयडीसीचे वेगळे नियम चालतात, म्हणून अंबरनाथमध्ये एका बाजूच्या इमारतीला एक पुस्तक आणि थोड्या अंतरावरच्या कारखान्याला दुसरं. या नियमावलीचं आठवं प्रकरण पार्किंग आणि मालाच्या चढ-उताराबद्दल आहे. मोटारीसाठी अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरली आहे. मालवाहू गाडीसाठी पावणेचार मीटर बाय साडेसात मीटर. दुकानं, बाजार, कारखाने, गोदामं यांना पार्किंगशिवाय चढ-उताराची जागाही ठेवावी लागते. पहिले २०० चौरस मीटर सोडून पुढच्या प्रत्येक १,००० चौरस मीटरला, किंवा त्याच्या भागाला, अशी एक जागा.

वाचून आधी बरं वाटलं. नियम करणाऱ्यांच्या डोक्यात टेम्पो आला होता तर! मग मी त्या 'पहिल्या २०० चौरस मीटर'पाशी थांबले. आमच्याकडचं दुकान किती मोठं असतं? पंधरा-वीस चौरस मीटर. अशी दहा दुकानं खाली आणि वर घरं, ही आपल्या गावांतली नेहमीची इमारत. दहा दुकानं मिळून हिशोब २०० च्या आसपास येतो, म्हणजे एकही चढ-उताराची जागा द्यायची गरज नाही. शेजारच्या इमारतीला तोच हिशोब. तिच्या शेजारच्या इमारतीलाही तोच. शंभर दुकानांचा रस्ता तयार होतो, त्यावर रोज शंभर दुकानांचा माल येतो आणि नियमानुसार एकाही टेम्पोला जागा ठेवलेली नसते. वरच्या घरांसाठी मोटारी आणि स्कूटरच्या जागा मोजल्या जातात, पण घरात कपाट येतं, गॅसचा सिलिंडर येतो, पाण्याचे जार येतात, ऑनलाइन मागवलेला फ्रीज येतो, याची वेगळी मोजणी नाही.

वाहतुकीवर काय परिणाम होईल, हे तपासण्याचंही असंच. २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण परवानगी घ्यावी लागते आणि त्या कागदपत्रांत वाहतुकीचा विचार मांडावा लागतो. एका बिल्डरने २०,००० चौरस मीटर बांधलं तर त्याला विचारतात, तुझ्या गाड्या रस्त्यावर आल्यावर काय होईल? दहा बिल्डरांनी एकाच गल्लीत दोन-दोन हजार बांधलं तर हा प्रश्न कुणालाच विचारला जात नाही. गाड्या मात्र तेवढ्याच येतात. नियम प्लॉट मोजतो, आणि बेरीज रस्त्याला सोसावी लागते. माझ्या मते आपल्या तिन्ही गावांच्या कोंडीचं मूळ इथं आहे.

उल्हासनगरची तर गोष्टच निराळी. दुसऱ्या महायुद्धात इथं लष्कराची छावणी होती, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींत ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं उल्हासनगर झालं. लोक अजूनही पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प चार असंच सांगतात. घरदार सोडून आलेल्या माणसांनी बराकीच्या पुढच्या खोलीत दुकान मांडलं, मागे संसार केला, आणि त्यातून जेमतेम तेरा चौरस किलोमीटरच्या जागेत देशभर माल पाठवणारं शहर उभं राहिलं. त्यांच्या कष्टाला सलामच करायला हवा. पण बराकीचं दुकान झालं, दुकानावर मजले चढले आणि गाडीसाठी जागा सोडायचा विचार फार उशिरा आला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, ८५५ बेकायदा इमारती पाडायचा आदेश झाला, आणि २००६ मध्ये सरकारने खास उल्हासनगरसाठी कायदा करून दंड भरून बांधकाम नियमित करायची वाट काढली. हजारो कुटुंबं रस्त्यावर आली नसती का? आली असती. त्यामुळे या कायद्याला मी नावं ठेवणार नाही. फक्त एवढंच म्हणते की दंड भरून इमारत कायदेशीर करता येते, पण पावती फाडल्याने तिच्यासमोर साडेसात मीटरची जागा तयार होत नाही. ती जागा रस्त्यातूनच जाते.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे लिहायला बसले ती सांगते. मी या तीनपैकी एका गावात उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. शाळा गल्लीत आहे. समोर किराण्याची दोन दुकानं, एक प्लायवूडचं, एक पिठाची गिरणी. दोन वर्षांपूर्वी शाळा सुटताना प्लायवूड उतरवून एक टेम्पो मागे येत होता आणि सातवीतल्या एका मुलीच्या पायावरून त्याचं चाक गेलं. हाड मोडलं. तीन महिने ती घरी होती. टेम्पो चालवणारा माणूस आमच्याच शाळेतल्या पाचवीच्या मुलाचा बाप. रोज सकाळी सलाम करणारा. त्यानेच तिला उचलून दवाखान्यात नेलं आणि बाहेरच्या बाकावर रडत बसला. मोहल्ल्यात दोन तट पडले. कुणी म्हणे ड्रायव्हरला सोडू नका, कुणी म्हणे पोरं मस्ती करतात. दोन्ही घरं एकाच मशिदीत नमाज पढणारी, त्यांच्यात बोलणं बंद झालं. शाळा सुटायच्या वेळेलाच प्लायवूड का उतरवावं लागतं, आणि ते गल्लीच्या मधोमध का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात दहावीला उपयोजित लेखन शिकवायचं होतं. त्यात अर्ज लिहायचा असतो. दरवर्षी आम्ही कल्पनेतल्या गावातल्या कल्पनेतल्या कचऱ्याबद्दल अर्ज लिहितो. या वेळी मी म्हटलं, आपल्या गल्लीबद्दल लिहा, पण आधी मोजा. टेप एकच होती, म्हणून मुलांनी हाताने मोजलं, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. गल्ली भिंतीपासून भिंतीपर्यंत सोळा हात भरली. एका बाजूला आडव्या लावलेल्या मोटरसायकली, साडेचार हात. दुसऱ्या बाजूला उभी कार, चार हात. मधे टेम्पो, साडेतीन हात. वहीत वजाबाकी करून एका मुलीने वाचून दाखवलं, "मॅडम, उरले चार हात." त्या चार हातांतून सहाशे मुलं, रिक्षा आणि पाण्याचा टँकर जायचा.

हातांचं माप ऐकल्यावर मला जे आठवलं ते मी वर्गात सांगितलं, इथंही सांगते. रस्त्याच्या रुंदीवरून लोकांत वाद झाला तर सात हात रस्ता सोडावा, असा पैगंबरांचा (स.) निवाडा बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आला आहे. लादलेली जनावरं समोरासमोर आली तरी अडकू नयेत म्हणून एवढं अंतर, असं त्याचं कारण दिलं जातं. सात हात म्हणजे साधारण सव्वातीन-साडेतीन मीटर. मालाचं वजन पाठीवर घेऊन चालणाऱ्याचा विचार करून ठरवलेला हा रस्त्याचा नियम आहे. ट्युनिससारख्या जुन्या शहरांत पुढे त्यावर बारीक कायदे झाले. भिंतीला लागून असलेल्या अरुंद पट्ट्याला ते 'फिना' म्हणत. घरमालकाने तिथं जनावर उभं करावं, माल उतरवावा, आणि मोकळं करावं. ये-जा अडेल असं काही तिथं मांडायला परवानगी नव्हती. आज आपण ज्याला लोडिंगची जागा म्हणतो तीच ही. थोड्या वेळासाठी आणि दुसऱ्याची वाट न अडवता. रस्त्यावर बसणाऱ्यांना पैगंबरांनी रस्त्याचा हक द्यायला सांगितलं, हेही मुलांना माहीत होतं. मराठीतला 'हक्क' आणि उर्दूतला 'हक़' एकच शब्द आहे, हे सांगितल्यावर त्या दिवशीचा मराठीचा तास जरा लांबलाच.

अर्ज चांगला झाला. मुख्याध्यापकांची सही घेऊन आम्ही तो एका कार्यालयात दिला. तिथून कळलं की रस्ता आमचा, पण गाड्या कुठे उभ्या राहतील ते दुसरं कार्यालय ठरवतं. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, आधी पहिल्यांचं पत्र आणा. आवक क्रमांक मात्र दोन्हीकडे मिळाला. चार महिन्यांनी शाळेच्या फाटकाजवळ 'नो पार्किंग'ची पाटी लागली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आठवडाभराने पाहिलं तर प्लायवूडचा टेम्पो मागच्या गल्लीत, मशिदीच्या दारात उभा. तिथं मदरशातली लहान मुलं येतात. पाटीने टेम्पोला 'इथं नको' सांगितलं, 'मग कुठे' ते सांगितलं नाही. माल तर यायचाच होता.

या अनुभवानंतर माझं मत पक्कं झालं की बंदीच्या पाटीइतकीच परवानगीची पाटीही लागते. आणि त्यासाठी नवा कायदा आणायची गरज नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ मध्ये स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून वाहनं कुठे आणि किती वेळ उभी राहू शकतील ते ठरवायची तरतूद आहे. कलम ११५ नुसार ठरावीक रस्त्यावर ठरावीक प्रकारच्या वाहनांवर बंधन घालता येतं. म्हणजे बाजाराच्या रस्त्यावर दर काही दुकानांमागे एक पिवळी चौकट आखून 'फक्त माल चढ-उतार, वीस मिनिटं' असं लिहिणं कायद्यात बसतं. शाळा भरायच्या आणि सुटायच्या अर्ध्या तासात गल्लीत मालवाहू गाडी नको, हेही बसतं. एका चौकटीसाठी दोन मोटारींच्या जागा जातील. तेवढ्या जागेत दिवसभर दोन माणसांच्या गाड्या उभ्या राहतात, नाहीतर पंचवीस-तीस टेम्पो येऊन जातात. दुकानदारांनाही यात फायदाच दिसेल असं मला वाटतं.

उल्हासनगरला जपानी बाजार आहे, कापडासाठी आपण सगळे तिथं जातो. खऱ्या जपानात १९६२ पासून कायदा आहे की मोटार ठेवायला रस्त्याबाहेर जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून घ्यावा, मगच ती नावावर होते. आपल्याकडेही २०२५ मध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी, पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी नको, असं बोलून दाखवलं. तसं होईल तेव्हा होवो. पण तिथला मूळ विचार ध्यानात घेण्यासारखा आहे. रस्ता हे कुणाचं गॅरेज नाही. घेणाऱ्याने जागेचा विचार आधी करायचा असतो. बिल्डरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात सांगितलं की इमारतीखालचं खांबांमधलं पार्किंग बिल्डरला फ्लॅटपासून वेगळं काढून विकता येत नाही, ते सगळ्यांचं आहे. मग बदलापूरच्या सोसायट्यांनी त्या सामाईक जागेतली एक चौकट दिवसा टेम्पोसाठी मोकळी ठेवायला काय हरकत आहे? कपाट त्यांच्याच घरात जाणार असतं.

एका गोष्टीची मला काळजी वाटते. कोंडीची ओरड वाढली की पहिला हात हातगाडीवर पडतो. केळीवाला, भाजीवाला, अत्तर-टोप्या विकणारा. त्यात आपली माणसं बरीच आहेत, आणि इतरही गरीब आहेत. एक मोटार साडेबारा चौरस मीटर जागा घेते. तेवढ्यात पाच-सहा हातगाड्या बसतात आणि पाच-सहा चुली पेटतात. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, नगर पथविक्रेता समिती आहे, जागा ठरवून द्यायची पद्धत आहे. टेम्पोवाल्याला आणि हातगाडीवाल्याला हवी आहे ती एकच गोष्ट: ठरवून दिलेली जागा. त्यांना एकमेकांविरुद्ध उभं करणाऱ्याचं ऐकू नका.

आणि थोडं आपल्याबद्दल. शादी हॉल घेताना आपण पार्किंग विचारतो, पण केटररचा टेम्पो आणि मंडपवाल्याचा ट्रक कुठे उभा राहणार ते विचारत नाही. तो रात्री दोनपर्यंत गल्ली अडवतो. जुम्म्याला मशिदीसमोर दोन रांगांत गाड्या लागतात आणि तेवढ्या वेळात ॲम्ब्युलन्स आली तर? काही मशिदींच्या तरुणांनी उभं राहून गाड्या एका रांगेत लावून घ्यायला सुरुवात केली आहे, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हदीस ऐकून डोकं डोलावण्यापेक्षा ते काम मोठं आहे. दुसऱ्यांच्या सणातल्या मंडपांबद्दल बोलायचा अधिकारही आपल्याला त्यानंतरच मिळतो.

ती मुलगी आता नववीत आहे, नीट चालते. दोन्ही घरांत बोलणं गेल्या ईदला सुरू झालं. यंदाच्या दहावीने नवा अर्ज लिहिला आहे आणि या वेळी त्यात फक्त बंदी मागितलेली नाही. मागण्या तीन आहेत. शाळेच्या आणि मशिदीच्या दोन्ही गल्ल्या एकत्र मोजाव्यात. गल्लीच्या तोंडाशी रुंद रस्त्यावर माल चढ-उतारासाठी एक चौकट आखावी, तिथून दुकानापर्यंत हातगाडीने माल न्यावा. शाळेच्या दोन्ही वेळांना अर्धा-अर्धा तास मालवाहू गाडी आत नको. खाली प्लायवूडच्या दुकानदाराची सही आहे, त्या टेम्पोवाल्या बापाची आहे आणि मुलीच्या वडिलांचीही आहे. अर्ज दोन्ही कार्यालयांना एकाच दिवशी दिला आणि एकाच्या प्रतीवर दुसऱ्याचा आवक क्रमांक लिहिला, म्हणजे पत्र आणा म्हणायची सोय राहू नये. तुमच्या गल्लीसाठी असा अर्ज करायचा असेल तर आधी मोजून घ्या. टेप नसली तर हात आहेतच.